गॅस मीटरवरचे तापमान दुपारी चढते आणि पहाटे उतरते : आरटीडी बदलण्याआधी काय तपासावे

सोलापुरात मार्च सरत आला की एक तक्रार हमखास येते. कारखान्याच्या फाटकाजवळच्या गॅस स्किडवरील (मीटर, रेग्युलेटर वगैरे एकत्र बसवलेल्या चौकटीवरील) करेक्टर, म्हणजे मीटरच्या आकड्याचे बिलासाठी रूपांतर करणारे उपकरण, सकाळी सातला ३२ अंश दाखवतो, दुपारी दोनला ३९ वर जातो आणि रात्री उशिरा पुन्हा खाली येतो. गॅस तर जमिनीखालच्या लाइनमधून आलेला असतो आणि मीटरभर खोलीवरची माती एका दिवसात सात अंशांनी तापत वा निवत नाही. मग दुपारचे हे वाढलेले तापमान येते कोठून, असा प्रश्न पडतो आणि बहुतेक ठिकाणी त्यावरचा पहिला उपाय म्हणून आरटीडी, म्हणजे तापमानानुसार विद्युत रोध बदलणारा तापमानाचा संवेदक, बदलला जातो. नवा आरटीडीही दुसऱ्या दिवशी दुपारी ३९ च दाखवतो.

याच दोषाचे दुसरे रूप जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दिसते. पहाटेच्या थंडीत आकडा वाजवीपेक्षा खाली जातो आणि ऊन चढले की सावरतो. तिसरे लक्षण अगदी वेगळे आहे. तापमान दिवसभर एकाच आकड्यावर, बहुधा बरोबर १५.० किंवा २०.० वर, खिळलेले असते. चौथ्या प्रकारात वाचन दिवस-रात्र, ऊन-सावली काहीही असो, खऱ्या तापमानापेक्षा तीन-चार अंशांनी सतत जास्त राहते. पाचव्या प्रकारात आकडा क्षणात उणे ५० कडे किंवा वरच्या टोकाकडे उडी मारतो आणि परत येतो. पहिली दोन लक्षणे एकाच दोषाची आणि बाकीची तीन वेगवेगळ्या कारणांची आहेत, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आपल्यासमोर यांपैकी कोणते आहे हे एक दिवस शांतपणे पाहून ठरवावे.

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी या दोन्ही औद्योगिक वसाहतींत हे काम वारंवार करताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. आरटीडी खोटे बोलत नाही. तो स्वतःचे तापमान सांगतो. आपल्याला हवे असते गॅसचे तापमान, आणि ही दोन तापमाने सारखी आहेत की नाहीत, हाच खरा तपास आहे. म्हणून आरटीडी बदलणे हा या यादीतला जवळजवळ शेवटचा उपाय आहे.

एका अंशाची किंमत

टर्बाइन किंवा रोटरी मीटर प्रत्यक्ष वाहणारे घनफळ मोजतो. बिल मात्र प्रमाणित घनमीटरवर होते, म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार या स्थितीत तोच गॅस किती जागा व्यापेल त्यावर. हे रूपांतर करेक्टर करतो. दाबाच्या गुणोत्तराने तो घनफळ वाढवतो आणि २८८.१५ भागिले गॅसचे केल्विनमधील तापमान या गुणोत्तराने ते कमी करतो. गॅस ३० अंशांच्या आसपास असताना एका अंशाची चूक सुमारे ०.३३ टक्के चूक घडवते. गॅस खरोखर ३२ अंशांचा असून करेक्टरने ३९ मानला, तर मोजमाप सव्वादोन टक्क्यांनी कमी भरते आणि तोटा पुरवठादाराचा होतो. उलट करेक्टर १५ वर खिळला आणि गॅस ३३ अंशांचा असला, तर ग्राहकाच्या बिलात सहा टक्क्यांहून थोडी जास्त भर पडते. रोज १००० घनमीटर जाळणाऱ्या रंगाईखान्याला ही साठ घनमीटरची बाब आहे. एका बाजूला दरमहा नुकसान होत असते आणि दोन्ही बाजूंचा एकमेकांवरचा विश्वास उडतो. दुसरी गोष्ट मला जास्त लागते, कारण मीटरवरचा विश्वास एकदा गेला की पुढचे प्रत्येक बिल वादाचे होते.

पैसे न लागणारी तपासणी : नोंदी

सर्वप्रथम करेक्टरमधील ताशी नोंदी घ्याव्यात आणि तापमानाशेजारी त्या तासाचा प्रवाह लिहावा. बॉयलरचा बर्नर बंद असतो तेव्हा लाइनमधला गॅस जागच्या जागी उभा राहतो आणि पाइपइतकाच तापतो. त्या वेळी ४५ अंशही दिसू शकतात आणि त्यात काहीही बिघडलेले नसते, कारण प्रवाह नसताना करेक्टर काही मोजतच नाही. आठवड्याच्या सुट्टीच्या दुपारचा फोटो काढून तक्रार पाठवणारे मला अनेकदा भेटले आहेत. बर्नर सलग पंधरा-वीस मिनिटे चांगल्या भाराने चालू असतानाचेच वाचन ग्राह्य धरावे.

मात्र बर्नर सारखा लागत आणि विझत असेल, किंवा मीटर गरजेपेक्षा बराच मोठा असून गॅस संथ वाहत असेल, तर प्रत्येक वेळी सुरुवातीचा तापलेला गॅसही मोजला जातो. नोंदीत प्रवाह कमी असलेल्या तासांतच तापमान चढलेले दिसले, तर दोष संवेदकात नसून उन्हातल्या पाइपमध्ये आहे, असे अर्धे निदान कागदावरच होते.

आकडा १५.० वर खिळलेला असेल तर अलार्मची यादी पाहावी. संवेदकाशी संपर्क तुटला की करेक्टर आधीपासून भरून ठेवलेला पर्यायी आकडा वापरू लागतो आणि हिशेब त्यावर पुढे चालू ठेवतो. हा अलार्म दिसला तर पुढची कोणतीही तपासणी न करता अलार्मची वेळ लिहून घ्यावी आणि त्याच दिवशी पुरवठादाराला लेखी कळवावे. अलार्म केव्हा सुरू झाला यावर दुरुस्त बिल अवलंबून असते.

सावलीची तपासणी

दुपारी चढणाऱ्या आकड्यासाठी याहून सोपी आणि इतके सांगून जाणारी तपासणी मला माहीत नाही. टॉवेलच्या एका रंगाईखान्यात महिन्याभरात दोन आरटीडी बदलून झाले होते. मी गेलो तेव्हा बॉयलरवरचे अण्णा एवढेच म्हणाले, "साहेब, दुपारी त्या पाइपला हात लावून बघा, लावून देत नाही." खरोखरच मीटरनंतरचा पाइप पश्चिमेच्या उन्हात उघडा होता आणि त्याचा पिवळा रंगसुद्धा वरच्या अंगाला फिका पडला होता. आम्ही सुरक्षा अधिकाऱ्यांची परवानगी घेतली. गोदामातून दोन जुन्या सुती चादरी आणल्या आणि स्किडपासून हातभर अंतरावर बांबूंना बांधून नुसती सावली केली. बर्नर त्याच भारावर चालू ठेवला. अर्ध्या तासात आकडा ३८.९ वरून ३५.६ वर आला. आरटीडीला कोणी स्पर्शही केला नव्हता.

सावलीने वाचन उतरत असेल तर याचा अर्थ असा की पाइपच्या भिंतीतून आणि थर्मोवेलच्या बाहेर राहिलेल्या डोक्यातून उष्णता आत संवेदकापर्यंत जात आहे. थर्मोवेल ही आरटीडी ज्यात बसवतात ती, गॅसच्या बाजूने बंद असलेली पोलादाची नळी असते. तिचे एक टोक गॅसमध्ये आणि दुसरे उन्हात असते. गॅस पाण्यासारखी उष्णता भराभर काढून घेत नाही, त्यामुळे कमी दाबाच्या आणि संथ प्रवाहाच्या लाइनमध्ये गॅसपेक्षा धातूचेच अधिक चालते. शिवाय तापलेली भिंत थर्मोवेलकडे उष्णतेचे उत्सर्जनही करत राहते.

ही तपासणी करताना कापड सुती आणि कोरडे असावे, कृत्रिम धाग्याचे नसावे, कारण घर्षणाने त्यावर स्थिर वीज साचते. ओले कापड पाइपवर गुंडाळू नये. बाष्पीभवनाने पाइप हवेपेक्षाही थंड होतो आणि निदान उलटे होते. दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरचे श्वसनछिद्र आणि सुरक्षा झडपेचे तोंड झाकले जाता कामा नये, आणि मोबाइल कुंपणाबाहेर ठेवावा.

ग्राहकाने येथे थांबावे

नोंदी, अलार्म आणि सावली या तीन गोष्टी कारखान्याच्या देखभाल विभागाने कराव्यात. यापुढे करेक्टर आणि बहुधा आरटीडीचे डोकेही सीलबंद असते. सील तोडल्यास कराराचा भंग तर होतोच, शिवाय मोजमापाच्या उपकरणात फेरफार करणे वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार दंडनीय आहे, आणि हेतू चांगला होता हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. त्याहून मोठे कारण असे की स्किडच्या आसपासचा भाग स्फोटक वातावरणाचा धोका असलेला म्हणून ठरवलेला असतो, आणि तेथे विद्युत जोडणीचे झाकण उघडण्याचा अधिकार वर्क परमिट असलेल्या प्रशिक्षित माणसालाच आहे. गॅसचा वास येत असेल तर तापमानाचा प्रश्न त्या क्षणी बाजूला ठेवावा, कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता दूर जावे आणि स्किडच्या फलकावरील आपत्कालीन क्रमांकावर सुरक्षित अंतरावरून फोन करावा.

पुढचा भाग पुरवठादाराच्या किंवा कंत्राटदाराच्या तंत्रज्ञांसाठी आहे. आपल्याकडे आलेला माणूस काय करतो आहे हे समजावे म्हणून ग्राहकानेही तो वाचावा.

दुसऱ्या थर्मोवेलमधील तुलना

बऱ्याच स्किडवर आरटीडीच्या शेजारी एक रिकामा थर्मोवेल तपासणीसाठीच ठेवलेला असतो. त्यात थोडे तेल घालून कॅलिब्रेशन केलेला थर्मामीटर पूर्ण खोलीपर्यंत सोडावा आणि किमान दहा मिनिटे थांबावे. दोन्ही वाचनांतील फरक अर्ध्या अंशाहून कमी असेल तर आरटीडी, केबल आणि करेक्टर यांच्यावरचा संशय बराचसा फिटतो. येथे एक सावधगिरी हवी. दोन्ही थर्मोवेल एकाच उन्हात असतात, त्यामुळे ते सारखेच चुकू शकतात. दोन वाचने जुळली म्हणजे गॅसचे तापमान बरोबर मिळाले असे नव्हे. ही तुलना दुपारी एकदा आणि पहाटे एकदा, अशी दोनदा करावी.

थर्मोवेलच्या आत

माझ्या अनुभवात खरा दोष सर्वांत जास्त वेळा येथेच सापडतो. आरटीडी बाहेर काढण्यापूर्वी आपण कोणता नट फिरवत आहोत हे दोनदा पाहावे. वरचा लहान नट आरटीडीचा असतो. खालचा मोठा षटकोन थर्मोवेलचा असतो आणि त्याच्यामागे लाइनचा पूर्ण दाब असतो. तो सैल करण्याचा प्रसंग लाइन बंद करून, दाब सोडून आणि वायुमुक्त केल्याशिवाय कधीही येऊ देऊ नये. आरटीडीचा नट सोडवताना खालचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. धरला नाही तर तोच सोबत फिरतो.

आरटीडी बाहेर आल्यावर त्याचे टोक पाहावे. वर सांगितलेल्या रंगाईखान्यातील टोक कोरडे होते आणि त्यावर तांबूस धुळीचा बारीक थर होता. स्वच्छ केलेली बारीक सळई थर्मोवेलमध्ये तळाला टेकेपर्यंत सोडली, काठाशी खूण केली आणि आरटीडीच्या लांबीशी ती जुळवून पाहिली. तळ आणि टोक यांच्यामध्ये २२ मिलिमीटरची हवा होती. दोन वेळा बदललेले दोन्ही आरटीडी एकाच चुकीच्या लांबीचे मागवले गेले होते. हवा उत्तम उष्णतारोधक आहे. त्या पोकळीमुळे टोकाला गॅसपेक्षा वरच्या तापलेल्या डोक्याचीच खबर जास्त मिळत होती.

स्प्रिंगचा आरटीडी घ्यावा, म्हणजे टोक तळाला दाबून बसते. तळात ३०-४० मिलिमीटर उंचीपर्यंत उष्णता वाहून नेणारे तेल घालावे. थर्मोवेल आडवा असेल तर तेल टिकत नाही, तेव्हा टोकाला थर्मल पेस्ट लावावी. काठोकाठ तेल भरू नये. ते उन्हाळ्यात प्रसरण पावून डोक्यातील टर्मिनलपर्यंत चढते. पाणी कधीच घालू नये, कारण ते उडून जाते आणि मागे गंज ठेवते.

रोध आणि बर्फ

आरटीडी बाहेर काढलेलाच असतो, तेव्हा त्याचा रोध मोजावा. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या आरटीडीचा रोध शून्य अंशाला १०० ओहम, ३० अंशांना १११.६७ ओहम आणि १०० अंशांना १३८.५१ ओहम असतो. म्हणजे प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३९ ओहम वाढ होते. साधा मल्टिमीटर ०.१ ओहमपर्यंतच दाखवतो, म्हणजे पाव अंशाहून बारीक फरक त्याला कळत नाही. शिवाय त्याच्या वायरांचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम रोध असतो. दोन्ही टोके आधी एकमेकांना टेकवून तो वजा करावा. हे मोजमाप आरटीडी सुरक्षित भागात नेऊन करावे.

तपासणीसाठी बर्फाचा बिंदू सर्वांत विश्वासार्ह. शुद्ध पाण्याच्या बर्फाचा बारीक चुरा थर्मासमध्ये दाबून भरावा, पोकळ्या भरतील इतकेच गार शुद्ध पाणी घालावे, टोक मध्यभागी बुडवावे आणि पंधरा मिनिटांनी वाचावे. ए वर्गाच्या आरटीडीला शून्य अंशावर ०.१५ अंशाची आणि बी वर्गाच्या आरटीडीला ०.३ अंशाची मुभा आहे.

उकळत्या पाण्याने कोणी पारखू नये. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे आणि येथे पाणी साधारण ९८.५ अंशांना उकळते. चांगला आरटीडी ९८.५ दाखवतो, आणि तो दीड अंशाने चुकतो असे ठरवून फेकून दिलेला मी पाहिला आहे. याच उंचीमुळे येथील हवेचा दाब ०.९६ बारच्या आसपास असतो. ज्या करेक्टरचा दाबसंवेदक गेज प्रकारचा (हवेच्या दाबापेक्षा किती जास्त एवढेच मोजणारा) आहे आणि त्यात वातावरणाचा दाब १.०१३ भरून ठेवला आहे, तेथे ४ बारच्या लाइनवर एक टक्क्याहून किंचित जास्त चूक पडते. ही चूक तीन अंशांच्या चुकीएवढी असते, आणि दोष विनाकारण तापमानाच्या माथी बसतो.

केबल

सतत तीन-चार अंश जास्त दाखवणाऱ्या लक्षणाचे उत्तर बहुधा केबलमध्ये असते. आरटीडी दोन तारांनी जोडला तर करेक्टर तारांचा रोधही आरटीडीचाच समजतो. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या २० मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे १.४ ओहम भरतो, म्हणजे साडेतीन अंशांहून थोडे जास्त. शिवाय केबल उन्हात तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून ही चूक दुपारी आणखी थोडी फुगते. तीन तारांच्या जोडणीत करेक्टर तारांचा रोध वजा करतो, आणि चार तारांच्या जोडणीत तो प्रश्नच उरत नाही. अनेकदा केबल तीन तारांची असते, पण करेक्टरमध्ये निवड दोन तारांची राहून गेलेली असते. म्हणून आधी ती निवड पाहावी.

उड्या मारणाऱ्या आकड्यासाठी टर्मिनलचे स्क्रू आणि केबल ग्लँड (केबल डोक्यात शिरते तेथील घट्ट बसणारा नट) पाहावेत. ग्लँड सैल असेल तर पावसाळ्यात डोक्यात पाणी शिरते आणि दसऱ्यानंतर टर्मिनलवर हिरवट थर दिसतो.

जागा, इन्सुलेशन आणि लांबी

एवढे करूनही फरक राहिला तर थर्मोवेलची जागा तपासावी. रेग्युलेटरमध्ये दाब उतरताना नैसर्गिक वायू प्रति बार साधारण अर्ध्या अंशाने थंड होतो. १६ बारवरून २ बारवर येणारा गॅस सुमारे सात अंशांनी गार होतो. थर्मोवेल रेग्युलेटरच्या अलीकडे आणि मीटर पलीकडे असेल, तर करेक्टर मीटरमधून न जाणाऱ्या तापमानावर हिशेब करत असतो. टर्बाइन मीटरसाठी थर्मोवेल प्रवाहाच्या दिशेने मीटरच्या पुढे, पाइपच्या १ ते ५ व्यासांच्या अंतरात असावा आणि त्याचे टोक पाइपच्या मधल्या तिसऱ्या भागात यावे.

जागा योग्य असूनही ऊन लागत असेल तर मीटरच्या दोन्ही बाजूंचा उघडा पाइप आणि थर्मोवेलचे बाहेरचे डोके यांना उष्णतारोधक आवरण घालून त्यावर ॲल्युमिनियमचे क्लॅडिंग करावे आणि वर पत्र्याची सावली द्यावी. फ्लँजचे सांधे आणि नावपट्ट्या उघड्या ठेवाव्यात. आवरणाखाली पाणी साचून गंज धरत नाही ना, हे पावसाळ्यानंतर पाहावे.

लांब थर्मोवेल बसवला की प्रश्न सुटेल, असा मोह येथे होतो. हा निर्णय तंत्रज्ञाने स्वतः घेऊ नये. प्रवाहात उभ्या नळीच्या मागे भोवरे सुटतात आणि त्यांची वारंवारता नळीच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, तर ती कंप पावून तुटते. जपानमधील मोंजू अणुभट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये अशाच कंपनाने थर्मोवेल तुटून सोडियमची गळती झाली होती. आज याच्या गणितासाठी अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सचे पीटीसी १९.३ टीडब्ल्यू हे मानक आहे. ते २०१० साली आले. थर्मोवेलची लांबी, जाडी किंवा जागा बदलायची असेल तर ते गणित करणाऱ्या अभियंत्याची सही आधी घ्यावी. पाइपवर नवे वेल्डिंग, लाइनचा दाब सोडणे आणि करेक्टरमधील मापनाचे आकडे बदलणे, या तिन्ही कामांनाही हाच नियम लावावा. ती पुरवठादाराच्या अधिकृत माणसांनी, दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत आणि नव्या सीलसह करावीत.

त्या रंगाईखान्यात योग्य लांबीचा स्प्रिंगचा आरटीडी, तळाला तेल आणि पाइपवर आवरण एवढेच झाले. पुढच्या आठवड्यात पहाटे सहाला ३१.८ आणि दुपारी दोनला ३२.९ असे वाचन आले, दोन्ही वेळा बर्नर भाराने चालू असताना. ते आकडे, जुन्या आणि नव्या सीलचे क्रमांक आणि आरटीडीची मिलिमीटरमधील लांबी स्किडच्या नोंदवहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, म्हणजे पुढचा आरटीडी मागवणाऱ्याला लांबी अंदाजाने सांगावी लागणार नाही.